डालग्याखालच्या मांजरीची कहाणी

ऐका सटवाईमाते, तुझ्या मांजरीची कहाणी. बायांनो, पदर सावरा, हातातल्या वाती खाली ठेवा, ज्यांची लेकरं लहान त्यांनी ती मांडीवर घ्या. मधे कोणी उठू नका. आणि हसायचं असेल तर सुरुवातीलाच हसून घ्या, पुढं हसू यायचं नाही.

आटपाट नगर होतं, नगराच्या कडेला एक आळी होती. साळ्यांची आळी. घरोघरी माग, घरोघरी सूत, सुताला भाताची खळ. खळीच्या वासानं उंदीर आले. मग उंदरांमागं मांजरं आली. आली ती राहिली. घरं होती सात, आणि मांजरं मोजायला बसावं तर मोजून होईतो एखादी व्यायची.

एक होता फाटक्या कानाचा बोका. सकाळी आळीच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचा, दर उंबऱ्याशी थांबायचा, आत बघायचा, मग पुढं जायचा. त्याला सगळे कोतवाल म्हणत. एक होती आंधळी म्हातारी मांजर. ती विहिरीच्या काठावरच निजायची. आता पडते, मग पडते, म्हणून बाया जीव मुठीत धरून पाणी शेंदायच्या. ती काही पडली नाही. मांजर आडवं गेलं की साळ्यानं चार पावलं मागं यायचं, खाली बसायचं, पान खायचं, मग निघायचं, अशी रीत. आळीचा एक नवा जावई असाच सकाळी बाजाराला निघाला. दिवस मावळला तरी वेशीला पोचला नाही, पानं मात्र संपली.

आणि एक होती पांढरी मांजर, शेपूट तेवढं काळं. ती कोणाची? विचारावं त्यानं म्हणावं, आमची. पहिल्या घरी ती ठमी. दुसऱ्या घरी ती राणी, मागाच्या खड्ड्यात विणणाऱ्याच्या पायांवर निजायची. तिसऱ्या घरी गयाकाकू होती, एकटी बाई, ती तिला सवत म्हणायची, कारण मेल्या नवऱ्याच्या घोंगडीवर हीच पाय पसरून बसायची. त्यापुढं कुठं भागूबाई, कुठं चोरटी. दूध पिताना डोळे मिटायची, पिऊन झालं की तोंड पुसायची, आणि दुसऱ्या दिवशी उंबऱ्यावर एक उंदीर आणून ठेवायची, आहेर म्हणून. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. ही सात घरची, आणि चांगली गुबगुबीत होती. एका घरी दिसली नाही, तर ते म्हणायचे, असेल त्यांच्याकडं. त्यांच्याकडं नसली, तर ते म्हणायचे, असेल पलीकडं. कोणी शोधायला कधी उठलं नाही.

सातवं घर तान्हूबाईचं. तिचा लेक हरबा, सून आवडा. आवडेचा पाळणा पुष्कळ वर्षं हलला नाही. उपास झाले, तापास झाले, लोकांनी बोलायचं ते बोलून झालं. मग आळीच्या टोकाला बाभळीखाली सटवाईचं ठाणं होतं, शेंदराचा दगड, तिथं आवडा गेली, पदर पसरला, रडली. सटवाईला दया आली. दिवस राहिले, मुलगा झाला. श्रावण लागला तेव्हा लेकरू दोन महिन्यांचं होतं.

आळीत एक वसा होता. ज्या घरी पाळणा, त्या घरच्या बाईनं श्रावणातल्या षष्ठीला दहीभात करावा. पहिला घास मांजरीला घालावा, ती सटवाईची. मग नैवेद्य सटवाईला. मग आपण पाणी प्यावं. आवडेचा तो पहिलाच वसा. मनात तिच्या होतं, चांगला करू, कोणी नाव ठेवणार नाही असा करू.

षष्ठीच्या आदल्या दिवशी पंचमी, नागाची. त्या दिवशी साळ्याचा माग विसावतो. दुपारी सासूनं मागाच्या खोलीचं दार ओढायचं, कडीला हळदीचं सूत गुंडाळायचं, कुंकू लावायचं. अष्टमीचा सूर्य दिसला की सोडायचं. मधे सूत तुटलं तर विणणाऱ्याचे हात लुळे पडतात, असं सगळी आळी म्हणे. करून कोणी बघितलं नव्हतं. कोण बघेल? हातावरच तर घर.

पंचमीला पुरुषमाणसं परगावच्या कुस्त्या बघायला गेली, हरबाही गेला. घरात आवडा एकटी राबत होती. नागाला दूध ठेवलं. मांजर आली, दूध प्याली. आवडा म्हणाली, जाऊ दे, मुकं जनावर. मग पुरण वाटलं. मांजर आली, पुरणात तोंड घातलं. आवडा म्हणाली, जाऊ दे, तिला वास आला असेल. मग पाटावर गंधाचा नाग काढला, नऊ फण्यांचा, एवढा देखणा. मांजर आली, पाटावर बसली, आळस दिला, शेपूट फिरवलं. फणे पुसले.

मग आवडेला राग आला. तिनं मांजरीचं बखोट धरलं, मागाच्या खोलीत नेलं, कोंबड्या झाकायचं डालगं होतं त्याखाली घातलं. वर वरवंटा ठेवला. म्हणाली, "बस इथं. पूजा झाली की सोडते." मनात वाईट नव्हतं हो. आपण नाही का झाकत?

मग लेकरू उठलं, ती पाजायला बसली. मग बाया हाका मारत आल्या, "आवडे, चल वारुळाला." ती गेली. पूजा केली, गाणी म्हटली, फेर धरला, किती दिवसांनी मोकळी हसली. परत आली तो दाराला सूत. कडीला कुंकू. तान्हूबाई हात पुसत म्हणाली, "आलीस? मी बाई वेळेत बांधून घेतलं."

सांगावं? सांगितलं तर सासू म्हणेल, पहिल्याच वशाला देवीची मांजर कोंडलीस. उघडावं? उघडलं तर नवऱ्याचे हात. तिनं शब्द गिळला आणि कामाला लागली. म्हटलं, मांजराची जात, निघेल आपली आपण.

सांजेला आतून आवाज आला. खर्र, खर्र. तान्हूबाई म्हणाली, "उंदीर माजलेत मेले. ती मांजर कुठं उलथलीय कुणास ठाऊक." आवडेनं जोरानं भांडी घासायला घेतली.

मग षष्ठी उजाडली. आवडा न्हाली, दहीभात केला, पानावर घास काढला. मांजर कुठाय? तान्हूबाई दारात उभी राहिली, हाक मारली. बाया बाहेर आल्या. एक म्हणाली, ठमे ये. एक म्हणाली, राणी ये. सगळी आळी आपापल्या नावानं ओरडली. मांजर आली नाही. आणि आतून खर्र, हळूच. बायांच्या कलकलाटात ते एकट्या आवडेलाच ऐकू आलं.

गयाकाकू जवळ आली. म्हणाली, "सूनबाई, माझी सवत दिसली का गं? बाळंतीण झाली होती. तीन पिलं होती, डोळे उघडायचे होते अजून. घरोघरी तोंडात धरून फिरवली, पण या श्रावणाच्या सारवासारवीत कोणीच ठेवून घेतलं नाही. आता कुठं लपवली कोण जाणे. अंगावर पिणारी पिलं ती, आई नसली तर जगायची कशी?"

आवडा म्हणाली, "नाही दिसली." हा पहिला नकार.

मग लेकराला घेतलं. लेकरू पिईना. ओठाला ओठ लागला तो सुटेना. दातखिळी म्हणावी तर दात नव्हते. पान्हा दाटला, चोळी भिजली, लेकरू टक लावून बघत राहिलं. रडेना, हलेना. तान्हूबाईनं मीठमोहऱ्या, मिरच्या घेतल्या, दृष्ट काढली, चुलीत टाकली. असा ठसका उठला की दोघी खोकून हैराण. म्हणजे दृष्ट नव्हती. मग काय होतं? तान्हूबाईचा चेहरा उतरला. म्हणाली, "आवडे, खरं सांग, काही चुकलं का तुझं?"

आवडा म्हणाली, "नाही आत्याबाई." हा दुसरा.

भर दुपार झाली. आळी सुन्न. दारात एक म्हातारी आली. अंगावर पिवळं लुगडं, जुनं पण स्वच्छ. पावलांचा आवाज झाला नाही. डोळेही पिवळे. म्हणाली, "माय, ऊन फार आहे. घरात काही झाकलेलं आहे का गं?"

आवडा म्हणाली, "भात झाकलाय, आजी. वाढू?"

"भात नको. आणखी काय झाकलंय?"

"दही झाकलंय."

"आणखी काय?"

"लेकरू झाकलंय. माशा बसतात."

"आणि?"

आवडा म्हणाली, "आणि काही नाही." हा तिसरा.

म्हातारी हसली नाही, रागावली नाही. कोनाड्यात दुधाची वाटी होती, ती तिनं भुईवर ठेवून घेतली, वाकली, डोळे मिटले आणि जिभेनं दूध प्याली. मग मनगट चाटलं, मनगटानं तोंड पुसलं. आवडा भिंतीला टेकली. म्हातारी म्हणाली, "तीन दारांशी विचारायची माझी रीत नाही. एका दाराशी तीनदा विचारते, तोंडं निरनिराळी. झाकलंस तू. दुसऱ्या कोणाच्या हातानं ते उघडायचं नाही. आणि ते उघडेपर्यंत तुझ्या लेकराचं तोंडही उघडायचं नाही." एवढं बोलली आणि उन्हात गेली. उंबरा ओलांडताना तिची सावली पडली, ती चार पायांची होती.

ऐकताय ना? पाळण्याची दोरी सोडू नका.

मग सप्तमी उजाडली. आवडेच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. लेकराचे ओठ मिटलेलेच, गाल बसले. आणि त्या मिटल्या ओठांतून आवाज आला. बारीक. म्याँव.

तान्हूबाई म्हणाली, "आवडे, पिलू शिरलं का घरात?" तिनं पाळण्याखाली बघितलं, कणगीमागं बघितलं, कुठं काही नाही. पुन्हा आवाज आला. तिनं लेकराकडं बघितलं आणि मटकन खाली बसली.

मग बाहेर बघावं तर मांजरं. फाटक्या कानाचा कोतवाल उंबऱ्याशी बसलेला, आज पुढं गेला नाही. विहिरीवरची आंधळी म्हातारी अंगणात आली होती, तिला वाट कोणी दाखवली कोण जाणे. कौलांवर मांजरं, भिंतीवर मांजरं, तुळशीपाशी मांजरं. एकही ओरडत नव्हतं, अंग चाटत नव्हतं. नुसती दाराकडं बघत होती. तान्हूबाईनं तांब्याभर पाणी फेकलं. मांजर पाण्याला भिऊन पळतं ना? एकही हललं नाही. अंगावरून पाणी ओघळलं आणि ती तशीच बघत राहिली. तान्हूबाईच्या हातून तांब्या सुटला. ती म्हणाली, "मी देवऋष्याला आणते, तू दार लावून बस." आणि भिंतीच्या कडेकडेनं, एकाही मांजराला पाय न लावता निघून गेली.

घरात आवडा आणि लेकरू. दिवस कलला. तिन्हीसांजा झाल्या. आवडा मागाच्या खोलीच्या दाराशी गेली, दाराला कान लावला. पहिल्या दिवशी खर्र खर्र होतं. दुसऱ्या दिवशी हळू होतं. आज काही नव्हतं. आवाज होता तोवर तिला आवाजाची भीती होती. आता आवाज नव्हता, त्याची भीती जास्त होती.

पाठीमागून लेकराचा आवाज आला, म्याँव, आधीपेक्षा बारीक. मग थांबला.

आवडा म्हणाली, "धनी, मला माफ करा." आणि कडीचं सूत ओढून तोडलं.

आत अंधार. खळीचा आंबूस वास. माग, मागाचा खड्डा, कोपऱ्यात डालगं, वर वरवंटा. तिनं वरवंटा उचलला, तिला तो उचलवेना, तरी उचलला. डालगं उचललं. मांजर कुशीवर पडली होती. आवडेला हात लावायचं धैर्य झालं नाही. गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "ऊठ गं बाई. माझं चुकलं. तू ऊठ, मग मला काय करायचं ते कर."

एक कान हलला.

आवडेनं पळत जाऊन पाणी आणलं, ओंजळीत धरलं. मांजर प्याली. दूध पिताना डोळे मिटणारी ती, पाणी पिताना डोळे उघडे ठेवून आवडेकडं बघत होती. मग उठली, पडली, पुन्हा उठली. दाराबाहेर गेली. आवडेनं लेकराला छातीशी धरलं आणि मागोमाग निघाली. अंगणातली मांजरं बाजूला झाली, मधे वाट झाली. त्या वाटेनं पुढं मांजर, मागं आवडा. अंगाला अंग घासत बाकीची सगळी दोहोंबाजूंनी. आळीतल्या बाया दाराच्या फटीतून बघत होत्या, एकही बाहेर आली नाही.

मांजर आळीच्या टोकाला गेली. बाभळीखाली. सटवाईच्या दगडामागं एक पोकळी होती, तिच्यात शिरली. आवडेनं वाकून बघितलं. तीन पिलं. कोणीच ठेवून घेतली नाहीत ती तिनं शेवटी देवीपाशी ठेवली होती. तीन दिवस ती देवीच्या पाठीशी रडली होती, आणि देवीनं दुसरं काही ऐकलं नव्हतं.

पिलं गार पडली होती. तोंडं मिटलेली. मांजर त्यांच्याशी लवंडली, पण तिच्या अंगात दूध कुठलं? तिनं एकेकाला चाटलं आणि आवडेकडं तोंड केलं.

आवडेची चोळी भिजलेली होती. लेकरू पीत नव्हतं, पान्हा वाहून जात होता. तिनं लेकराला देवीपुढं भुईवर ठेवलं. पदराचं टोक आपल्या दुधात भिजवलं, पहिल्या पिलाच्या तोंडाशी धरलं. पिलानं तोंड उघडलं, चोखलं. मग दुसऱ्याच्या तोंडाशी धरलं. वेळ लागला, पण त्यानंही चोखलं. मग तिसरं. तिसरं काही तोंड उघडेना. आवडेनं त्याला तळहातावर घेतलं, ऊब दिली, थेंब ओठावर सोडला. थेंब खाली ओघळला. दुसरा सोडला. तोही ओघळला. ती मोठ्यानं रडायला लागली, "घे रे राजा, घे. तुझी आई मी कोंडली, तुझ्यावर वेळ मी आणली. माझ्या लेकराचं नंतर, आधी तू घे."

पिलाची जीभ बाहेर आली. एवढीशी, गुलाबी. थेंब चाटला.

आणि भुईवरचं लेकरू टाहो फोडून रडलं. माणसाच्या लेकरासारखं, भुकेल्या, रागावल्या लेकरासारखं. आवडेनं उचललं, छातीला लावलं. ते अधाशासारखं प्यायला लागलं, तिला दुखलं, तरी ती हसली.

तेवढ्यात कंदील घेऊन तान्हूबाई आली. देवऋषी नगरात नव्हता, घरी आली तर दार सताड उघडं, सूत तुटलेलं. ती पेटून आली होती. "आवडे, माझ्या लेकाचे हात तोडलेस!" म्हणाली. मग तिनं बघितलं. नातू पितोय. सुनेच्या ओच्यात तीन पिलं. आवडेनं या वेळी काही लपवलं नाही. म्हणाली, "आत्याबाई, मी कोंडली. मला ठाऊक होतं, आणि मी तीनदा नाही म्हटलं." तान्हूबाईनं कंदील खाली ठेवला. म्हणाली, "दार मी ओढलं, गं. आत कोण आहे ते मीही कुठं बघितलं?" आणि तिसरं पिलू आपल्या पदरात घेतलं.

दगडावर कोणीतरी बसलं होतं. पिवळं लुगडं. दोघी पाया पडल्या. आवडा म्हणाली, "आई, काय वसा वसू?"

म्हातारी म्हणाली, "वसलीस तर सोडशील, सुखात विसरशील."

"सोडणार नाही, विसरणार नाही."

"मग ऐक. झाकशील तर आपल्या हातानं उघडावं. दार ओढशील तर आधी आत हाक मारावी, ओ येते का बघावं. ओ देता येत नाही अशांसाठी वाकून बघावं. आणि श्रावणातल्या षष्ठीला उठून मांजरीला शोधावं, मग तिला पहिला घास घालावा. नुसतं 'असेल पलीकडं' म्हणू नये." मग दगडावर कोणी नव्हतं. हात लावला तर दगड ऊबदार होता.

अष्टमीला हरबा परत आला. त्याला सगळं सांगितलं. तो मागाच्या खड्ड्यात उतरला तेव्हा सगळी आळी दाराशी जमली होती. तान्हूबाईनं डोळे घट्ट मिटले. हरबानं धोटा घेतला. धोटा या हातून त्या हाताला गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. हात शाबूत होते. तान्हूबाईनं डोळे उघडले आणि उगीचच त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

तीन पिलं जगली. मांजर पुन्हा सात घरी जाऊ लागली, पण आवडेच्या घरी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. षष्ठीला आवडा पान घेऊन आळीभर तिला शोधायची, ती सापडेल तिथं घास घालायची, ती खायची. तेवढंच.

आणि ते लेकरू? मोठं झालं, रांगलं, उभं राहिलं, पण बोलेना. तान्हूबाई रोज म्हणायची, "आई म्हण, बा म्हण." ते नुसतं बघायचं. एकदा पंचमी आली, तान्हूबाईनं माग विसावायला खोलीचं दार ओढलं, कडीला हात घातला. पोर दुडुदुडु धावत आलं, दाराला दोन्ही हात टेकले आणि पहिला बोल काढला. आई नव्हे, बा नव्हे. म्हणालं, "उघड."

जसा सटवाईमातेनं आवडेचा अपराध पोटात घातला, तसा तुमचा आमचा घालो. लेकरांची तोंडं दुधानं भरोत, अबोल जिवांच्या हाका आपल्या कानी येवोत. ही साठ उत्तरांची कहाणी पाचांत आवरली, सुफळ झाली. आता अक्षता टाका. मग आरतीला उभ्या राहायच्या आधी, बायांनो, घरोघरी जा, ओढलेलं प्रत्येक दार उघडा, आणि वाकून बघा.